न वाचता बंद करावी

आलेल्या प्रत्येक कागदाला उत्तर मिळालंच पाहिजे असं मानणारा या पृथ्वीतलावरचा शेवटचा माणूस डहाणूत, मल्याणला, माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आणि त्या माणसाला एक गोष्ट न वाचता बंद करायला शिकवण्याचा पराक्रम माझ्या नावावर जमा आहे. सगळी आळी त्यांना आवक-जावक काका म्हणायची. तलासरीच्या एका कचेरीत अठ्ठावीस वर्षं ते आवक-जावकच्या टेबलावर बसले. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा, वहीत नोंदवायचं, आणि त्याचं पुढे काय झालं ते विचारून विचारून साहेबांना भंडावून सोडायचं, हे त्यांचं काम. यातलं शेवटचं काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. निवृत्त झाले तेव्हा टेबल कचेरीत राहिलं, पण सवय एसटीत बसून त्यांच्याबरोबर घरी आली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लाल कापडी पाठीची लांबट वही आणली, पट्टीने रकाने आखले, क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय, कार्यवाही, शेरा, आणि स्वतःच्या घराची आवक नोंदवायला सुरुवात केली.

घराची आवक म्हणजे काय, तर दारातून, खिडकीतून, फटीतून जे जे आत येईल ते. विवळवेढ्याच्या जत्रेत एकदा कोणीतरी त्यांच्या हातात मौत का कुआँचं हँडबिल कोंबलं. तुम्ही-आम्ही त्यात शेंगदाणे बांधले असते. काकांनी ते घडी न मोडता घरी आणलं, क्रमांक घातला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जत्रेला जाऊन लेखी उत्तर दिलं: ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, अधोस्वाक्षरीकारास उंचीवर चक्कर येत असल्याने आपल्या कार्यक्रमास उपस्थित राहणे शक्य होणार नाही. आपल्या चालकाने जपून चालवावे, ही विनंती.’ तिकीटवाल्याने तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि घाबरून विचारलं, “क्या है चाचा, कोर्ट का है क्या?” माझ्या बायकोने गणपतीत मोदक खायला बोलावलं, तर अर्ध्या तासात त्या निमंत्रणाची पोच आली. रानभाजीची टोपली घेऊन पाड्यावरची एक म्हातारी फाटकाशी हाक मारायची, तिला ते हात हलवून कधी घालवत नसत. चष्मा लावून बाहेर यायचे, टोपलीतली प्रत्येक जुडी पाहायचे आणि सांगायचे, “आज नको, पण विचारल्याबद्दल आभारी आहे.” ती खो खो हसायची. “काका, नको तं नको, पन तू आधी पानी दे!” मग पाणी, आणि पाण्याबरोबर गूळ.

हे सगळं हसण्यावारी नेणं सोपं होतं, आणि मी नेतही असे. पण एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडच्या कुठल्याशा ढाब्यावाल्याचं पाकीट चुकून काकांच्या फाटकात पडलं. मी म्हटलं, पोस्टमनला परत द्या. “मी आवक केली ना मास्तर, आता जबाबदारी माझी.” मी स्टेशनजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो, म्हणून ते मला मास्तर म्हणत, आणि मी त्यांच्या मुलाच्या वयाचा असूनही अहो-जाहो करत. तर भर उन्हात हा माणूस एसटीने अच्छाडला गेला आणि नाक्यावर लागलेल्या ट्रकांच्या रांगेतून वाट काढत, ढाब्यामागून ढाबे विचारत, तिसऱ्या की चौथ्या ढाब्यावर ते पाकीट पोचतं करून आला. आत लग्नपत्रिका होती आणि लग्न होऊन पंधरा दिवस झाले होते. ढाब्यावाला गुजरातीत म्हणाला, “काका, आटला माटे छेक डहाणूथी आव्या?” एवढ्यासाठी पार डहाणूहून आलात? काकांनी त्याची पोच म्हणून सही घेतली, चहा प्यायले आणि परत आले. मी खूप हसलो. ते म्हणाले, “लिहिणारा वाट बघत असतो हो. पोचलं की नाही, एवढं तरी त्याला कळायला नको?”

अशा माणसाच्या वहीत एकच कागद अनुत्तरित होता, आणि तो त्यांच्या एकुलत्या एक मुलीचा होता. हे त्यांनी मला स्वतःहून सांगितलं, क्लासच्या ओट्यावर, चपला घालता घालता. मुलगी बडोद्याला नोकरीला गेली, तिथल्याच एकाशी न विचारता रजिस्टर लग्न करून मोकळी झाली, आणि मग तिचं पत्र आलं. चारच ओळी. शेवटची ओळ, ‘मी येऊ का?’ काकू तेव्हा नुकत्याच गेलेल्या. काकांना इतका राग आला की त्यांनी पत्राला क्रमांक घातला, कार्यवाहीच्या रकान्यात ‘प्रलंबित’ लिहिलं आणि राग उतरल्यावर उत्तर द्यायचं ठरवलं. राग दोनेक महिन्यांत उतरला. पण तोवर उशीर झालेला. आणि उशिरा उत्तर द्यायचं तर विलंबाचं कारण नमूद करावं लागतं. ते कारण त्यांना सुचेना. मग उशीर आणखी वाढला, कारण आणखी मोठं लागू लागलं, आणि असं करता करता सात वर्षं गेली. डहाणूहून बडोदा चार-पाच तासांवर. संध्याकाळी ते स्टेशनवर जाऊन उत्तरेकडच्या गाड्या बघत बसायचे, तेव्हा मला वाटायचं निवृत्त माणसाचा टाइमपास चाललाय.

कॉम्प्युटर त्यांनी घेतला तो या एका पत्रापायी. क्लासमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या पोरांत बसून त्यांनी ई-मेल म्हणजे काय ते समजून घेतलं आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. “मास्तर, पत्ता बदलला की पत्रव्यवहार नवीन. नवीन फाईल उघडली की जुन्या फाईलचा विलंब तिच्यात येत नाही!” अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतून एवढी एकच पळवाट त्यांच्या हाती लागली होती, आणि तीही त्यांनी साहेबांसाठी वापरली नव्हती. मी माझाच एक जुना कॉम्प्युटर त्यांच्या बैठकीत लावून दिला, फोनच्या तारेवर इंटरनेट जोडलं, ई-मेलचा पत्ता काढून दिला. शिवाय इंटरनेट जोडलं की आपोआप सुरू होणारा गप्पांचा एक प्रोग्रॅम टाकला, उद्या मुलीने उत्तर दिलं तर बापलेकीला समोरासमोर लिहून बोलता यावं म्हणून. तो कसा चालतो ते पुढच्या रविवारी दाखवतो म्हणालो. तो रविवार आलाच नाही, कारण त्याआधी खिडक्या आल्या.

झालं असं, की मागच्या वाडीवाल्याचे चिकू झाडावर होते आणि त्याला रोज पावसाचा अंदाज हवा असे. इंटरनेटवर फुकट हवामान सांगणारा एक प्रोग्रॅम काकांना सापडला. असा प्रोग्रॅम घेताना एक लांबलचक करारनामा पडद्यावर येतो आणि खाली ‘मान्य’ असं बटण असतं. अवघं जग त्या बटणावर डोळे मिटून बोट ठेवतं. काकांनी तो करारनामा शब्दकोश घेऊन दोन दिवस वाचला, महत्त्वाची कलमं वहीत उतरवली, सगळं रीतसर आहे अशी खात्री करून घेतली आणि मग मान्य केला. तिसऱ्या दिवसापासून त्यांच्या पडद्यावर जाहिरातींच्या खिडक्या उघडू लागल्या. एक बंद केली की दोन. वजन घटवा, केस वाढवा, अमेरिकेत नशीब काढा, अभिनंदन, आपण दहा लाखावे पाहुणे आहात. काकांच्या मते ही सगळी आवक. ते एकेका खिडकीला क्रमांक घालत, विषय लिहीत आणि जिथे पत्ता असेल तिथे उत्तर पाठवत. केस वाढवणाऱ्यांना त्यांनी कळवलं, की आहेत तेवढे वयोमानाप्रमाणे पुरेसे आहेत.

मी म्हटलं, काका, ही कीड आहे, मी आत्ता उपटून टाकतो. तर माझा हात धरला. “असं कसं? कलम नऊमध्ये स्पष्ट लिहिलंय, जाहिराती पाठवण्यात येतील. मी मान्य केलंय. आता माझ्याच शब्दातून पळून जाऊ?” मी कपाळावर हात मारून घेतला. शेवटी कलम एकवीसमध्ये त्यांना असं सापडलं की करार केव्हाही संपवता येतो. केव्हाही म्हणजे काय ते दिलेलं नव्हतं, सबब काकांनी सरकारी रिवाजाप्रमाणे कंपनीला तीस दिवसांची नोटीस दिली. त्या तीस दिवसांत खिडक्यांनी कहर केला. मुलीला पत्ता कळवायचं पोस्टकार्ड लिहायचं राहून गेलं होतं, ते त्यांनी मुद्दाम थांबवलं. “इतक्या गर्दीत तिचा कागद गहाळ झाला तर?” म्हणाले. त्या काळजीने त्यांना झोप येत नसे, हे खरं. रोज सकाळी ते मला विचारायचे, “आज कितवा दिवस?” जणू त्यांच्या वहीत नव्हताच.

त्याच महिन्यात लिझाचं प्रकरण झालं. ‘लिझाला आपल्याशी बोलायचे आहे. होय? नाही?’ अशी एक खिडकी इंग्रजीत उघडली, सोबत एका हसऱ्या बाईचा फोटो. काकांनी ‘होय’ दाबलं, कारण एखादी बाई बोलू इच्छिते आणि आपण नाही म्हणायचं हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. मग ते इस्त्रीचा शर्ट घालून तीन संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसून राहिले. चौथ्या दिवशी मला कळलं तेव्हा मी पोट धरधरून हसलो आणि सांगितलं, की लिझा नावाचं कोणी नसतं. “नाव आहे आणि माणूस नाही?” त्यांचा चेहरा उतरला. “मग तिकडून बोलतंय कोण?” मी म्हटलं, “काका, नीट ऐका. अशा खिडकीतून खरं माणूस कधीच येत नसतं.” केवढ्या ऐटीत म्हटलं होतं मी ते.

एकतिसाव्या दिवशी मी कामाला लागलो. प्रोग्रॅमच्या यादीतून ते हवामान काढून टाकलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, आणि ते हजर. पुन्हा काढलं, पुन्हा हजर. मग लक्षात आलं की आत दुसरा एक प्रोग्रॅम लपून बसलाय आणि पहिल्याला काढलं की तो त्याला परत आणून बसवतो. आधी त्या दुसऱ्याचा चालू कारभार थांबवला, कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उठणाऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव खोडलं, फाईल शोधून पुसली, आणि शेवटी विंडोजच्या पोटात जी रजिस्ट्री असते तिच्यातल्या त्याच्या खुणा एकेक करून काढल्या. रजिस्ट्री म्हणजे काय ते सांगितल्यावर काका खुर्चीत सावरून बसले. “म्हणजे यालाही आवक नोंदवायची वही आहे? मग आतून सभ्य आहे बिचारा.” दुपार कलली तेव्हा पडदा स्वच्छ झाला. दोघांनी पोहे खाल्ले. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला, हे कबूल करतो.

तिथेच थांबलो असतो तर बरं होतं. पण कुठल्या ना कुठल्या पानावर एखादी खिडकी उघडणारच होती, आणि हा माणूस तिला उत्तर देत बसून पुन्हा तेच दुखणं घरात आणणार होता. म्हणून मी नियम घालून दिला: खिडकी उघडली, की न वाचता बंद करायची. काका म्हणाले, “तोंडी आदेश मी पाळत नाही.” मी हसत हसत कागद घेतला आणि लिहिलं, ‘पडद्यावर कोणतीही खिडकी आल्यास ती न वाचता बंद करावी.’ खाली तारीख घातली, झोकदार सही ठोकली. त्यांनी तो कागद मॉनिटरच्या कडेला चिकटवला. पण वाचलेल्या कागदाला उत्तर न देणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी त्यावरही उपाय काढला. जुन्या फाईलचा पुठ्ठा घेऊन त्याचा वरचा उजवा कोपरा कापला. खिडकी उघडली की तो पुठ्ठा पडद्यावर धरायचा, कापलेल्या जागेतून फक्त बंद करायची फुली दिसायची, तिच्यावर बाण नेऊन टिचकी मारायची. मला हे इतकं आवडलं की क्लासच्या पोरांना मी याची नक्कल करून दाखवत असे.

मग त्यांनी पोस्टकार्ड लिहिलं. ‘विषय: पत्त्यातील बदल. यापुढील पत्रव्यवहार खालील पत्त्यावर करावा.’ आणि खाली ई-मेलचा पत्ता. बस. मी म्हटलं, काका, अजून दोन ओळी लिहा हो, ये म्हणावं. म्हणाले, “तिचं आलं की लिहीन ना.” मीही जास्त ताणलं नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा भिंतीपलीकडून मॉडेमची कुरकुर ऐकू यायची. इस्त्रीचा शर्ट घालून ते टपाल उघडायचे. काही नसलं की वहीत ‘निरंक’. आठ-दहा दिवसांनी मला म्हणाले, “मास्तर, तार ठीक आहे ना? एखादं पाठवून बघता?” मी क्लासमधून मेल पाठवायचो, ‘चाचणी’ एवढंच. त्याचं सविस्तर उत्तर यायचं, संदर्भ क्रमांकासह. पावसाळा सरता सरता त्यांची छाती दुखू लागली, आणि नवरात्रात ते गेले. शेवटची नोंद आदल्या संध्याकाळची होती. निरंक.

कळवल्यावर मुलगी मिळेल त्या गाडीने आली. बापासारखंच कपाळ, बापासारखीच चष्म्यावरून बघायची तऱ्हा. चार दिवस माणसांची ये-जा चालली. पाचव्या दिवशी ती बैठकीत एकटी होती, मी चहा घेऊन गेलो. ती कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली, “मला एक खरं सांगाल? मी लिहिलं तेव्हा बाबा काय म्हणाले?”

मी म्हटलं, “ताई, तुमचं काहीच आलं नाही. रोज बघायचे ते.”

“मेल नाही केली मी. सात वर्षं पत्र पडून राहिलं, मेल काय, तीही पडून राहिली असती. गप्पांच्या प्रोग्रॅममध्ये त्यांचा पत्ता घातला तर नाव मिळालं. म्हटलं, डोळ्यांसमोर खिडकीच उघडेल, मग बघावंच लागेल. तीन शनिवार लिहिलं. शेवटच्या वेळी लिहिलं, ‘बाबा, मी येऊ का? नको असेल तर खिडकी बंद करा, मी समजेन.’ उत्तर आलंच नाही, म्हणजे त्यांनी बंद केली हो.”

मी हातातली कपबशी खाली ठेवली. वही काढली आणि तिच्यापुढे ठेवली. तीन शनिवार सापडायला वेळ लागला नाही. काकांचं अक्षर मोत्यासारखं होतं. ‘सायं. ६.१०. एक खिडकी. न वाचता बंद केली. मास्तरांच्या लेखी आदेशावरून.’ सायं. ६.१२. सायं. ६.०५. तीनही ठिकाणी तेच. मग तिला मॉनिटरवरचा कागद दाखवला, पुठ्ठा दाखवला, आणि त्या कापलेल्या कोपऱ्यातून काय दिसायचं तेही दाखवलं. तिने पुठ्ठा घेऊन स्वतःच पडद्यावर धरून पाहिला.

“म्हणजे वाचलंच नव्हतं,” ती म्हणाली. “बाबा नाही म्हणाले नव्हते.”

“नाही,” मी म्हटलं. “नाही म्हणणारा मी.”

तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर आज हलकं वाटलं असतं. रडता रडता तिला हसू आलं आणि ती म्हणाली, “आदेश पाळला की हो त्यांनी!” मग तिने कपाटातून सात वर्षांपूर्वीची वही काढली, स्वतःचं पत्र शोधलं. कार्यवाहीच्या रकान्यात ‘प्रलंबित’. शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने काहीतरी लिहून इतक्या वेळा खोडलेलं, की कागदाला भोक पडायचं बाकी होतं. तिने माझ्याकडे पेन मागितलं आणि त्याच्याखाली लिहिलं, ‘समक्ष आले.’ खाली तारीख घातली.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. माझा तो आदेश मी मॉनिटरवरून सोडवून आणला, तो टेबलाच्या खणात आहे. सही अजून तशीच झोकदार दिसते. गप्पांची खिडकी वेगळी असते, एवढं एक वाक्य मी त्यांना सांगायला विसरलो. एका रविवारचं काम होतं. हल्ली पडद्यावर उठल्यासुटल्या काहीतरी उघडत असतं, कोणाला माझे केस वाढवायचे असतात, कोणाला माझ्याशी बोलायचं असतं. घरातली मंडळी म्हणतात, अहो बंद करा ना, काय वाचत बसता! मी चष्मा लावतो आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, खालच्या बारीक अक्षरांसकट वाचतो. त्यात आजवर कधी कोणी ओळखीचं निघालेलं नाही. शेवटी मीही ती बंदच करतो, पण वाचून.